सीबीडी की टीएचसी? आयन वाहिन्यांच्या अंगाने तुलना

औषधांना दाद न देणाऱ्या आकडीने हैराण झालेल्या मुलाचे आईवडील ‘भांगेचे तेल द्यावे का’ असे विचारतात, तेव्हा आधी तेलात कोणते द्रव्य आहे ते पाहावे लागते. सीबीडी (कॅनाबिडिऑल) आणि नशा आणणारे टीएचसी (टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल) ही दोन्ही द्रव्ये भांगेच्या एकाच झाडातून येतात, दोन्हींच्या रेणूंत अणूही तेच आणि तितकेच असतात. पण चेतापेशीच्या आयन वाहिन्यांपर्यंत, म्हणजे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे विद्युतभारित कण ये-जा करतात त्या पेशीपटलातील दारांपर्यंत, ती वेगवेगळ्या वाटांनी पोहोचतात.

टीएचसी मुख्यतः सीबी-१ या रिसेप्टरला, म्हणजे चेतापेशीवरच्या संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला चिकटते. तिथून जागे झालेले जी-प्रथिन (पेशीच्या आत निरोप पोहोचवणारे प्रथिन) कॅल्शियमच्या वाहिन्यांना आवर घालते आणि पोटॅशियमच्या काही वाहिन्या उघडते, त्यामुळे चेतापेशीच्या टोकातून संदेशद्रव्य कमी सुटते. हा रिसेप्टर उत्तेजक पेशींवर जसा असतो तसाच इतरांना शांत करणाऱ्या पेशींवरही असतो, म्हणून आकडीवरचा परिणाम भरवशाचा राहत नाही; नशाही याच वाटेने येते.

सीबीडीची सीबी-१शी फारशी जवळीक नाही. ते पेशीपटलाच्या चरबीत विरघळते, सोडियम वाहिनीच्या बाजूच्या फटीतून आत शिरते आणि काही मायक्रोमोलर, म्हणजे अगदी थोड्या प्रमाणात असतानाही पेशीला उत्तेजित करणारा तिचा प्रवाह कमी करते. पेशीला शांत ठेवणाऱ्या केव्ही-७ या पोटॅशियम वाहिन्या ते त्याहून कमी प्रमाणातही अधिक उघड्या ठेवते, तर कॅल्शियम आत सोडणारी टीआरपीव्ही-१ वाहिनी आधी उघडून मग बधिर करते.

यातील सोडियमचा भाग नीट तपासायला हवा. ड्रॅव्हे सिंड्रोम या तान्हेपणी सुरू होणाऱ्या तीव्र आकडीच्या आजारात बहुतेक मुलांच्या एससीएन१ए या सोडियम वाहिनीच्या जनुकात दोष असतो, त्यामुळे शांत करणाऱ्या पेशींच्याच सोडियम वाहिन्या दुबळ्या पडतात आणि कार्बामॅझेपिनसारखी सोडियम अडवणारी औषधे आकडी वाढवतात. सीबीडीचा गुण केवळ सोडियम अडवण्यात असता, तर या मुलांचे हालच वाढले असते. प्रत्यक्षात 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, 120 रुग्णांच्या चाचणीत सीबीडी घेणाऱ्यांना महिन्यात येणाऱ्या आकडीची मध्यक (मधली) संख्या 12.4 वरून 5.9 वर आली, तर प्लासिबो (औषध नसलेली नकली मात्रा) घेणाऱ्या गटात ती 14.9 वरून 14.1 एवढीच झाली. त्यामुळे या आजारात सोडियमला मुख्य श्रेय देणे मला पटत नाही.

आकडीसाठी निवड करायची तर माझा कौल शुद्ध, प्रमाणित सीबीडीला आहे. अमेरिकेत त्याला जून 2018 मध्ये मान्यता मिळाली. त्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम सीबीडी असते. 20 किलोच्या मुलाला सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा मिलिलिटर दिला जातो, आणि ड्रॅव्हेमध्ये ही मात्रा दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत वाढवता येते. एखाद्या तेलाच्या संपूर्ण बाटलीत 1000 मिलिग्रॅम असतील, तर त्या मात्रेने ती अडीच दिवसांत संपेल. आपल्याकडच्या ‘विजया’ (भांगेचे आयुर्वेदिक नाव) अर्कांत टीएचसीही असू शकते, म्हणून दोन्हींचे प्रमाण लेबलवर वाचल्याशिवाय ते मुलाला देऊ नयेत. मूल क्लोबाझाम हे आकडीचे औषध घेत असेल तर सीबीडीमुळे त्याच्या क्रियाशील घटकाची रक्तातील पातळी चढून गुंगी वाढते, आणि व्हॅल्प्रोएट हे आकडीचे दुसरे औषध चालू असेल तर यकृताची तपासणी लागते. म्हणून पहिला थेंब देण्याआधीच चालू औषधांची यादी मेंदुविकारतज्ज्ञांसमोर ठेवावी.