मासे कासवाने खाल्लेच नव्हते

लागोपाठ तीन वेळा मासे मेले आणि तिन्ही वेळा आळ दगडूवर आला. दगडू म्हणजे आमचं लाल कानाचं कासव. पाठ 12 सेंटीमीटर, स्वभाव खादाड. कासवाच्या टाकीत मासा मेला की आरोपी शोधावा लागत नाही, तो समोर दगडावर ऊन खात बसलेला असतो. नेमकी हीच सोय वापरून एका विक्रेत्याने मला महिनाभर गंडवलं. त्याच्या जाळ्यात आणखी कुणी अडकू नये म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

टाकी 200 लिटरची, पण कासवाला बाहेर येऊन बसायला जागा हवी म्हणून पाणी 110 लिटरच्या आसपास. फिल्टर जुना, बारका, आत एक स्पंज. चार दिवसांत पाणी गढूळ व्हायचं आणि वास मारायचा. मी विक्रेत्याला टाकीचा फोटो दाखवला. त्याने नीट पाहिलाही नाही. म्हणाला, "ताई, यात एक सकर मासा आणि थोडे छोटे मासे सोडा. कासवाची घाण ते खातात. पाणी बदलायची कटकटच संपली."

पहिली थाप ही. सकर मासा काचेवरचं शेवाळ खातो, खाली पडलेलं खाणं खातो, पण कासवाची विष्ठा साफ करायचं काम तो करत नाही. उलट तो स्वतःच भरपूर घाण करतो आणि त्याची नेहमी विकली जाणारी जात फूटभराच्याही वर वाढते. शिवाय जे कुणी जे काही खाईल ते पोटातून पुन्हा त्याच पाण्यात येणार. टाकीतली घाण टाकीबाहेर जायची तर पाणी बदलावंच लागतं. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं, पण कटकट संपणार म्हटल्यावर माझं डोकं चालायचं थांबलं.

त्याने मला मोठा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा) दिला, बॅक्टेरियाची बाटली दिली, पाणी नितळ करायचे थेंब दिले. वर सल्ला दिला की जुना स्पंज फेकून द्या आणि खडी नळाखाली चोळून चोळून धुवा, "सगळं फ्रेश सुरू होऊ दे." मी दोन तास ब्रश घेऊन बसले. खडी अशी चमकली की काय सांगू. त्या तपकिरी, बुळबुळीत स्पंजात कासवाच्या घाणीतून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू होते. ते मी कचऱ्यात टाकले. उरलेसुरले नळाच्या क्लोरीनने मारले. टाकी जुनी, पण आतलं सगळं पहिल्या दिवसावर आलं. ते जिवाणू पुन्हा पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

तिसऱ्या दिवशी त्याने पाणी तपासायला आणायला सांगितलं. बाटलीत भरून नेलं. त्याने काचेच्या नळीत थोडं पाणी घेतलं, एका छोट्या बाटलीतून थेंब टाकले, अंगठा लावून नळी हलवली आणि रंगांच्या कार्डाशेजारी धरली. पिवळट. "शून्य. बघा, एकदम शून्य अमोनिया." मला इतका आनंद झाला की घरी दाखवायला मी फोटो काढला. तो फोटो पुढे कामाला आला. सहा झेब्रा डॅनिओ (छोटे पट्ट्यापट्ट्यांचे मासे) आणि एक सकर घेऊन मी परतले.

पाचव्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडत होते. दोन मेले, मग आणखी दोन, आठवड्याच्या आत सगळे डॅनिओ गेले. "कासवाने हुसकावलं असेल, ताणाने जातात," असं तो म्हणाला. पाणी पुन्हा तपासलं. पुन्हा शून्य. या वेळी गोल्डफिश दिले, कारण ते काटक असतात म्हणे. "एखादा मेलाच तर कासव खाईल, वाया जाणार नाही." हेही बरोबर नाही. गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं, ते बी1 जीवनसत्त्व नासवतं. कासवाला असा मासा वारंवार खायला घालणं धोक्याचं. आणि सगळ्यांत जास्त घाण करणाऱ्या माशांतला हा एक. म्हणजे आग विझवायला पाणी म्हणून तो मला तेल विकत होता. गोल्डफिशही गेले. तिसऱ्या खेपेला पुन्हा डॅनिओ.

माझ्या मनात एकच उत्तर होतं, "पण दगडू तर ठणठणीत आहे." तोही हेच म्हणायचा, "कासव मजेत आहे ना, मग पाणी चांगलंच." कासव श्वास घ्यायला डोकं पाण्याबाहेर काढतं, त्याला फुप्फुसं आहेत. माशाचे कल्ले मात्र चोवीस तास त्याच पाण्यात. ज्या पाण्यात कासव दिवसेंदिवस टिकतं त्यात मासा दोन दिवसांत मरू शकतो. कासवाची तब्येत बघून माशांसाठी पाणी कसं आहे ते ठरवू नका. (खराब पाण्यात कासवालाही पुढे डोळ्यांचे आणि कवचाचे त्रास होतात, फक्त उशिरा कळतं.)

तिसऱ्या खेपेचा एक मासा मी फेकण्याआधी हातात घेतला. एकही खवला निघालेला नाही, शेपटी अख्खी, पोट शाबूत. कासवाने धरलेला मासा असा राहत नाही. टूथपिकने कल्ल्याचं झाकण उचललं. आत लालभडक दिसायला हवं, दिसला चहासारखा तपकिरी रंग. जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. ते रक्तात शिरलं की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही आणि कल्ले असे दिसतात. हे मी त्या रात्री वाचून काढलं. दगडूची मनोमन माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या ठिकाणाहून स्वतःचं टेस्ट किट घेतलं. सोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं: 5 मिलिलिटर पाणी, पहिल्या बाटलीचे 8 थेंब, दुसऱ्या बाटलीचे 8 थेंब, हलवा, 5 मिनिटं थांबा. दोन बाटल्या. पाच मिनिटं. दुकानात तर थेंब टाकून दहा सेकंदांत निकाल लागायचा! मी तो जुना फोटो उघडून मोठा केला. नळीच्या मागे त्याच्या किटच्या दोन्ही बाटल्या उभ्या होत्या. एकीत तळाशी जेमतेम काही उरलेलं. दुसरी गळ्यापर्यंत भरलेली.

मग मी दोन नळ्या घेतल्या, दोन्हींत माझ्याच टाकीचं पाणी. एकीत फक्त पहिल्या बाटलीचे थेंब, दुसरीत दोन्ही बाटल्यांचे. पहिली पिवळटच राहिली. दुसरी बघता बघता हिरवी होत गेली आणि कार्डावर 4 पीपीएमला (म्हणजे लिटरमागे 4 मिलिग्रॅम) जाऊन थांबली. नायट्राइट 2. माशांसाठी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे तो आकडा, 8. त्यात पीएच जास्त असला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो, 7 पेक्षा 8 ला जवळजवळ दहापट. अर्ध्या चाचणीत रंग येणारच नव्हता. त्याच्या दुकानात कुठलंही पाणी शून्यच दाखवलं असतं, गटाराचंसुद्धा.

बॅक्टेरियाच्या बाटलीवरचं तारखेचं स्टिकर नखाने उचकटलं. खाली दुसरी तारीख होती, केव्हाच उलटलेली. नितळ करायचे थेंब खरे होते, पण ते फक्त बारीक कण एकत्र आणतात. अमोनिया विरघळलेला असतो, त्याला रंग नसतो. माझं पाणी आरशासारखं होतं आणि त्यात मासे गुदमरत होते.

मी फोटो घेऊन गेले. "ताई, कंपनीने किट बदललं असेल." मग, "चार मासे फ्री देतो." पैसे परत नाहीत. त्याला पद्धत माहीत नव्हती, असं कुणी म्हणेल. मी मानत नाही. दुसऱ्या खेपेला मी स्वतःचं किट घेऊ का विचारलं होतं, तेव्हा "नवीन माणूस त्यात गोंधळतो" म्हणून त्यानेच मला थांबवलं होतं.

तेव्हा दुकानात पाणी तपासून घेणार असाल तर दोन्ही बाटल्या समोर वापरायला लावा आणि घड्याळ बघा. किट आपलं असेल तर उत्तमच. फिल्टरच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा माशांच्या टाकीसाठी असतो. कासव असेल तर टाकीतल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्या. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा, नळाखाली नाही. नवा फिल्टर लावलात तर जुना महिनाभर सोबत चालू ठेवा. मला एवढं एक जरी कुणी सांगितलं असतं तरी बरेच मासे वाचले असते.

मी मग मासे बंद केले. वाचलेला एकटा सकर एका मोठ्या टाकीवाल्या ओळखीच्यांकडे दिला. रोज अर्धं पाणी बदललं, नव्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवून. दगडूला जेवण वेगळ्या टबात देऊ लागले, त्याने टाकीतली घाण निम्म्याने तरी कमी झाली. पाचव्या आठवड्यात दोन्ही आकडे शून्यावर आले, आणखी पंधरा दिवस तसेच राहिले, मगच पाच डॅनिओ आणले. आता आठवड्याला पाणी बदलते, नायट्रेट (जिवाणू नायट्राइटचं शेवटी जे करतात ते, बरंच कमी विषारी) 40 पीपीएमच्या वर जाऊ देत नाही.

परवा सकाळी मोजले तर चारच होते. पाचव्याची शेपटी तेवढी पाण्यावर तरंगत होती आणि दगडू दगडावर डोळे मिटून बसला होता. तरीही मी नळी काढली, दोन्ही बाटल्यांचे आठ-आठ थेंब टाकले आणि पाच मिनिटं थांबले. पिवळंच राहिलं. या वेळी खरंच त्यानेच खाल्ला होता.