एनएस-१० च्या नावावर विकलेली जोडी

घरच्या स्टुडिओत मिक्सिंग (ध्वनिमुद्रित आवाज योग्य प्रमाणात एकत्र बसवणे) करणाऱ्या आणि त्यासाठी जुने, नावाजलेले मॉनिटर स्पीकर, म्हणजे आवाज पारखण्याचे स्पीकर, शोधणाऱ्या मंडळींना सावध करावे, या हेतूने हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. मुंबईतील जुन्या ध्वनिसामग्रीच्या एका व्यापाऱ्याने यामाहा एनएस-१० एम स्टुडिओ म्हणून मला विकलेली जोडी प्रत्यक्षात त्या मॉडेलच्या रिकाम्या लाकडी खोक्यांत भलतेच वूफर (खर्ज वाजवणारा मोठा भाग) आणि ट्वीटर (टीप वाजवणारा छोटा भाग) बसवून तयार केलेली निघाली. ५८,००० रुपये गेले, पण त्याहून मोठे नुकसान त्या स्पीकरांवर विसंबून केलेल्या कामाचे झाले. बिघाडाचे मूळ हाती लागेपर्यंत एका अभंगसंग्रहाचे जवळजवळ सगळे मिक्सिंग बिघडून गेले होते.

या मॉडेलच्या नावावर फसवणूक का होऊ शकते, हे आधी समजून घ्यायला हवे. एनएस-१० हे स्पीकर १९७८ मध्ये घरी संगीत ऐकण्यासाठी म्हणून बाजारात आले आणि त्या बाजारात त्यांचे फारसे स्वागत झाले नाही. ध्वनिमुद्रकांनी मात्र ते उचलले. १९८७ मध्ये खास स्टुडिओसाठी सुधारलेले एनएस-१० एम स्टुडिओ हे मॉडेल निघाले, तोवर पांढऱ्या कोनाची (वूफरच्या थरथरणाऱ्या कागदी शंकूची) ही काळी जोडी जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंग कन्सोलवर ठाण मांडून बसली होती. त्यांचा आवाज कानाला गोड लागत नाही. पहिल्या मॉडेलचा ट्वीटर तर इतका चरचरीत होता की त्यावर टिश्यू पेपर चिकटवण्याची प्रथाच पडली होती. पण पेटी पूर्ण बंद असल्याने खर्जाचा आवाज रेंगाळत नाही, जिथल्या तिथे थांबतो, आणि १ ते २ किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग ठळकपणे पुढे येतो. अभंगात, नाट्यगीतात हार्मोनियम गायकाच्या गळ्याला बिलगून चालते आणि दोघांची गर्दी होते ती बरीचशी याच पट्ट्यात. ती गर्दी लपवणाऱ्या गुळगुळीत स्पीकरवर मिक्स छान वाटतो आणि इतरत्र शब्द ऐकू येत नाहीत. माझे बहुतेक काम वारकरी संगीताचे असल्याने मला ही जोडी हवी होती, आणि ती इच्छा आजही चुकीची वाटत नाही.

अडचण अशी की वूफरच्या कोनासाठी लागणारा कागदाचा लगदा मिळेनासा झाल्याचे सांगून कंपनीने २००१ मध्ये हे उत्पादन बंद केले. म्हणजे आज बाजारात असलेली प्रत्येक अस्सल जोडी वीस वर्षांहून जुनी आहे. कमी ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर ताणून वाजवला की यांचे ट्वीटर जळतात, हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे सुटे भाग बदललेल्या जोड्या पुष्कळ असणारच. त्याच धर्तीचे नवे स्पीकर स्वतःच्या नावाने विकणारे उत्पादकही आहेत आणि त्यात काही गैर नाही. भाग बदलल्याचे सांगून कमी किमतीत विकणे हाही सरळ व्यवहार झाला. गैर आहे ते बदललेल्या मालावर ‘सगळे ओरिजिनल’ असा शिक्का मारून अस्सल मालाचे पैसे घेणे.

माझ्या बाबतीत व्यापाऱ्याने सांगितलेली कथा विश्वास बसण्यासारखीच होती. जोडी बंद पडलेल्या एका डबिंग स्टुडिओतून निघाली आहे, मालकाने ती कधी जोरात वाजवलीच नाही, ‘साहेब, हा माल पुन्हा मिळायचा नाही.’ व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने ‘ओरिजिनल एनएस-१० एम स्टुडिओ, ड्रायव्हर बदललेले नाहीत’ (ड्रायव्हर म्हणजे वूफर आणि ट्वीटर) असे स्पष्ट लिहून दिले. दुकानात ऐकवताना मात्र त्याने स्वतःच्याच लॅपटॉपवरून, स्वतःच्याच अ‍ॅम्प्लिफायरवर, ठेका दणदणीत असलेली दोन-तीन सिनेगीते मोठ्या आवाजात लावली. आवाज मोठा असला की आपल्या कानाला खर्ज आणि टीप दोन्ही अधिक भरल्यासारखी वाटतात. हा श्रवणाचा सर्वसाधारण धर्म आहे आणि विक्रेते त्याचा पुरेपूर उपयोग करतात. मी हळू आवाजात नुसता गळा ऐकवायला सांगितल्यावर त्याने विषय बदलला. वूफरचे स्क्रू सोडून आत पाहू द्या म्हटले, तर ‘एकदा उघडले की माल ओरिजिनल राहत नाही’ असे उत्तर मिळाले. हे विधान निखालस खोटे आहे. स्क्रू सोडून पुन्हा नीट बसवल्याने स्पीकरचे काहीही बिघडत नाही. बिल नंतर पाठवतो म्हणाला आणि पाठवले त्यावर एवढेच लिहिलेले होते : ‘जुने स्पीकर, एक जोडी.’

पुढे जे झाले ते हळूहळू झाले. या जोडीवर मृदंगाची कणीक लावलेली डावी बाजू फुगलेली, घुमणारी ऐकू येत असे, म्हणून प्रत्येक अभंगात मी तिथला खर्ज थोडा थोडा उतरवत गेलो. टाळ आणि चिपळ्या उजवीकडे मंद वाटत, म्हणून तिकडची टीप वाढवत गेलो. गायकाचा आवाज अगदी मधोमध ठेवूनही किंचित डावीकडे झुके. मिक्स पाठवल्यावर, ज्यांचा तो अभंगसंग्रह होता त्या बुवांचा फोन आला. त्यांनी तो मोटारीत, मोबाइलवर आणि घरच्या साध्या स्पीकरवर ऐकला होता. ‘मृदंग कुठे गेला? आणि एका बाजूचे टाळ कानाला टोचतात,’ असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या एका अनुभवी ध्वनिमुद्रक दादांच्या स्टुडिओत तोच मिक्स लावला, तेव्हा बुवांचा शब्दन् शब्द खरा निघाला. चांगला मॉनिटर हा तराजू असतो. त्याचे काटे खोटे असतील तर तोलणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी माप चुकतच जाते.

व्यापाऱ्याला हे कळवल्यावर त्याने जे उत्तर दिले ते प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवावे, कारण असे उत्तर ठरलेलेच असते : ‘स्पीकर चांगलेच आहेत, दोष तुमच्या खोलीचा आहे.’ या उत्तराची खरी ताकद अशी की त्यात अर्धे सत्य असते. दहा बाय बाराच्या खोलीत खर्जाचे काही स्वर भिंतींमुळे खरोखरच फुगतात आणि काही नाहीसे होतात. कोपऱ्याजवळचा स्पीकर अधिक घुमतो, एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला कपाट असेल तर डावे-उजवेही सारखे ऐकू येत नाही. ज्याला हे ठाऊक आहे तो माणूस गप्प बसतो, स्वतःच्या खोलीला दोष देतो, फोम आणि पडद्यांवर आणखी पैसे घालतो. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी असेच केले आहे, आणि ही मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट वाटते, कारण इथे विक्रेता गिऱ्हाइकाच्या अज्ञानाचा फायदा घेत नसून त्याच्या ज्ञानाचाच घेतो.

पण खोलीचा दोष आणि स्पीकरचा दोष वेगळे काढता येतात, आणि त्यासाठी फार खर्चही येत नाही. पहिली कसोटी अदलाबदलीची. तारा आणि अ‍ॅम्प्लिफायर आहेत तसेच ठेवून फक्त डावा स्पीकर उजव्या जागी आणि उजवा डाव्या जागी ठेवायचा, आणि दोन्हीकडे समान पातळीवर पिंक नॉइज (तपासणीसाठी वापरतात तो सलग खळखळाट) किंवा एकट्या गळ्याचा मोनो (दोन्ही बाजूंना सारखाच) ट्रॅक वाजवायचा. दोष जागेवरच राहिला तर तो खोलीचा, तारेचा किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा आहे, आणि स्पीकरबरोबर सरकला तर तो स्पीकरचाच आहे. माझ्याकडे मंद टीप स्पीकरबरोबर दुसऱ्या बाजूला गेली आणि गळा डावीकडून उजवीकडे झुकू लागला. दुसरी कसोटी मोजमापाची. साधा मेजरमेंट माइक आणि रूम इक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर ती होते. माइक वूफरच्या कोनापासून सेंटिमीटरभर अंतरावर धरला की खर्जाच्या पट्ट्यात थेट आवाज इतका मोठा असतो की खोलीचा वाटा जवळपास उरतच नाही. अशा मोजणीत दोन्ही वूफरचे आलेख एकमेकांवर बसायला हवेत. माझ्या एका वूफरला ११० हर्ट्झच्या आसपास ठळक फुगवटा होता, दुसऱ्याला तो कमी होता आणि वेगळ्या ठिकाणी होता. मृदंग फुगलेला वाटत होता तो भिंतींमुळे नव्हे, हे त्या दिवशी कागदावर आले.

तिसरी कसोटी दुकानात उभ्या उभ्या करण्यासारखी आहे. या स्पीकरचा इम्पीडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध) ८ ओहम आहे, आणि अशा स्पीकरच्या मागच्या टर्मिनलना, तारा काढून, मल्टिमीटर लावला तर रोध साधारण सहा ओहमच्या आसपास दिसतो. माझ्या एका स्पीकरवर साडेतीनच्या जवळचा आकडा आला, म्हणजे आत चार ओहमचा वूफर बसवलेला होता. दुसऱ्याचा आकडा मात्र बरोबर आला, तरी तोही बनावटच होता. तेव्हा या एका तपासणीवर कुणी निर्धास्त होऊ नये.

शेवटी दुरुस्तीचे काम वर्षानुवर्षे करत असलेल्या एका काकांकडे जोडी नेली. त्यांनी स्क्रू सोडण्याआधीच निकाल दिला. अस्सल एनएस-१० च्या वूफरचा पांढरा कोन साच्यात दाबून केलेला नसतो. कागदाचा सपाट तुकडा वळवून त्याच्या कडा एकमेकींवर चिकटवलेल्या असतात, त्यामुळे मध्यापासून काठापर्यंत जाणारी जोडाची एक रेघ नुसत्या डोळ्यांना दिसते. माझ्या दोन्ही कोनांवर ती रेघ नव्हती. साच्यातल्या साध्या कोनांना वरून पांढरा रंग दिलेला होता. आत चुंबक लहान होते, ट्वीटर दोन वेगवेगळ्या घडणीचे होते आणि एका क्रॉसओव्हरमधला (खर्ज वूफरकडे आणि टीप ट्वीटरकडे वाटून देणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर बदललेला होता. स्क्रूंचे माथे आधीच घासलेले असल्याचेही काकांनी दाखवले. ‘हे पहिल्यांदा उघडलेले नाहीत,’ एवढेच ते म्हणाले. फक्त लाकडी खोकी आणि मागचे एक लेबल खरे होते.

म्हणून ज्यांना जुनी जोडी घ्यायचीच आहे त्यांनी खिशात मल्टिमीटर आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन जावे, कोनावरची रेघ आणि स्क्रूंचे माथे पाहावेत, स्वतःचे एक ओळखीचे गाणे आणि नुसत्या गळ्याचा ट्रॅक हळू आवाजात ऐकावा, स्पीकरची अदलाबदल करून पुन्हा ऐकावा. विक्रेता यापैकी कशालाही नाही म्हणाला तर तिथून निघावे. मॉडेलचे पूर्ण नाव, दोन्ही सिरीयल नंबर आणि ‘मूळ वूफर व ट्वीटर’ हे शब्द बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि नुकतीच सुरुवात करणाऱ्यांना माझा सल्ला असा की याच पैशांत अधिकृत विक्रेत्याकडून वॉरंटीसह नवी पाच इंची अ‍ॅक्टिव्ह जोडी मिळते, तिला वेगळा अ‍ॅम्प्लिफायरही लागत नाही. एनएस-१० ची गरज पहिल्या दिवशी कुणालाच नसते.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी वापरासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही, म्हणून ‘तुम्ही तर धंद्यासाठी घेतलेत’ असे सांगून विक्रेते वाटेला लावतात. पण स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू या वगळणुकीत येत नाही, आणि एकट्याने घरी स्टुडिओ चालवणाऱ्यांपैकी पुष्कळ जण याच व्याख्येत बसतात. माल विशिष्ट दर्जाचा किंवा मॉडेलचा असल्याचे खोटे सांगणे ही या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथून मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, तेही विक्रेत्याच्या गावी न जाता आपण राहतो त्या जिल्ह्यात. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. हेल्पलाइनच्या तक्रारीला या व्यापाऱ्याने दाद दिली नाही, म्हणून मी पुण्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल केली असून व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, दोन्ही आलेख आणि काकांचा सही-शिक्क्याचा अहवाल सोबत जोडला आहे. निकाल अजून व्हायचा आहे.

ज्यांच्याकडे अशी संशयास्पद जोडी आलेली असेल त्यांनी ती घरी उघडू नये. आधी स्क्रूंच्या माथ्यांचे, कोनांचे आणि मागच्या लेबलांचे जवळून फोटो काढावेत, विक्रेत्याचे संदेश पुसू नयेत, आणि उघडण्याचे काम लेखी अहवाल देणाऱ्या तंत्रज्ञाकडूनच, शक्य तर व्हिडिओ घेत, करून घ्यावे. ‘आतला माल तुम्हीच बदलला’ हा विक्रेत्याचा पुढचा आरोप असतो, आणि माझ्या प्रकरणात त्याने तो लेखी उत्तरात केलाही आहे.