कृषी विद्यापीठाचे बियाणे : माल चोख, सेवा मात्र निधीअभावी तोकडी

कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून बियाणे घ्यावे का, असे विचारणाऱ्यांसाठी हा अभिप्राय आहे. आम्ही तुरीचा बीडीएन ७११ हा बदनापूरच्या संशोधन केंद्राचा वाण घेतला. पिशवीवर लॉट क्रमांक, उगवणक्षमता आणि चाचणीची तारीख स्पष्ट छापलेली होती. तरीही पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहिले. प्रमाणित तुरीला किमान ७५ टक्के उगवण लागते, त्याहून ती चांगलीच अधिक निघाली.

पांढऱ्या दाण्याचा हा वाण १५० ते १५५ दिवसांत तयार होतो, त्यामुळे परतीच्या पावसाने पाठ फिरवली तरी मध्यम रानातली ओल संपण्याआधी शेंगा भरतात. शिवाय हा सरळ वाण आहे, संकरित नव्हे. शेजारच्या दुसऱ्या तुरीपासून पुरेसे अंतर राखले, तर घरचे बियाणे पुढच्या वर्षी पेरता येते. शेतकरी दरवर्षी विकत घेणार नाही अशा बियाण्यावर आठ-दहा वर्षे खर्च करण्यात खासगी कंपनीला फारसा रस नसतो, आणि म्हणूनच तूर, हरभरा, सोयाबीन या पिकांत आपली मोठी भिस्त राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार विद्यापीठांवर आहे.

सेवेबद्दल मात्र इतके चांगले लिहिता येत नाही. एका केंद्रावर दुपारपर्यंतच बियाणे संपले आणि लांबून आलेली माणसे रिकाम्या हाताने परतली. माती परीक्षणाचा अहवाल पेरणी उरकल्यावर मिळाला. तिथल्या कर्मचाऱ्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण एकेकाकडे दोन-दोन पदांचा कार्यभार होता.

विद्यापीठांचा मुख्य आधार राज्य शासनाचे अनुदान हा आहे; भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडून विकासकामांना आणि समन्वित संशोधन प्रकल्पांना निधी येतो. पगार भागल्यावर मजुरी, मशागत आणि प्रयोगशाळेतील रसायनांसाठी पैसा उरला नाही, तर पैदासकार बियाण्याचे, म्हणजे वाणाच्या मूळ शुद्ध बियाण्याचे, क्षेत्रच घटते. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि पायाभूतपासून प्रमाणित बियाणे तयार होत असल्यामुळे आजच्या कपातीचा तुटवडा दोन-तीन हंगामांनी दुकानात जाणवतो, आणि तोवर ती कपात कोणाच्या लक्षातही राहिलेली नसते. विद्यापीठांनी बियाणे आणि कलमे विकून स्वतःचा खर्च भागवावा, हा सल्ला मला पटत नाही. ज्या चाचण्यांतून विकण्याजोगा वाण निघतच नाही, त्यांचा खर्च विक्रीतून कसा निघणार?

बियाणे जरूर घ्या, पण विक्री सुरू होताच जा आणि पिशवीवरचे लेबल व पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. जमल्यास अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी आपल्या आमदारांना निवेदन द्या, आणि त्यात वेतनाव्यतिरिक्तचे संशोधन अनुदान स्वतंत्र दाखवून त्याला कात्री लावू नये, अशी स्पष्ट मागणी करा.