आखाजीचा फ्लोट: आधी सोडा ठरवा, मग आइस्क्रीम

आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, घर माहेरवाशिणींनी आणि पोरासोरांनी भरलेलं असतं. दुपारी पुरणाचे मांडे आणि आमरस झालेला असतो, बाहेर जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५च्या घरात असतो आणि चार वाजले की पोरं गारेगार काहीतरी मागायला लागतात. फ्लोट, म्हणजे सोड्याच्या ग्लासात सोडलेला आइस्क्रीमचा गोळा, हा त्या वेळेचा उत्तम उपाय. दहा-पंधरा माणसांसाठी तो करायचा तर कशात काय घालावं, हे ठरवायला मदत व्हावी म्हणून हे लिहितेय.

दुकानात बहुतेक जण आधी आइस्क्रीमच्या स्वादावर वाद घालतात. माझं मत उलटं आहे. फ्लोट बिघडतो तो सोड्यामुळे.

पहिला पर्याय कोला. बाटली उघडली की काम झालं, मुलांना आवडतोच. पण १०० मिलीत साधारण १० ग्रॅम साखर आधीच असते. मांडे आणि रस खाल्लेल्या पोटावर तो गोडवा, वर आइस्क्रीमचा. मोठी माणसं अर्धा ग्लास ठेवून उठतात. शिवाय कोला चांगलाच आंबट असतो, फक्त साखरेमुळे ते कळत नाही. त्या आंबटपणाने दुधातली प्रथिनं आकसतात आणि ग्लास थोडा वेळ राहिला की कडेला तपकिरी कण दिसू लागतात. चवीला फार फरक नसतो, दिसायला मात्र दूध नासल्यासारखं वाटतं. लिंबू सोड्यात हेच आणखी लवकर होतं. लिंबू सोडा नुसताच प्यावा, तो तसाच छान लागतो.

दुसरा पर्याय साधा सोडा आणि घरातलं सरबत. माझी पसंती यालाच. गोडी आपल्या हातात राहते आणि दूधही फाटत नाही, कारण साधा सोडा सौम्य असतो. मूळ पदार्थही असाच होता. १८७४ साली फिलाडेल्फियात रॉबर्ट ग्रीन नावाच्या विक्रेत्याने सरबत घातलेल्या सोड्यात साईऐवजी आइस्क्रीम टाकलं, असं सांगितलं जातं. आपल्याकडे गुलाब किंवा वाळ्याचं सरबत चालतं. पण आखाजीला घरात रस असतोच, तर दोन चमचे रस गाळून घाला. न गाळता घातलात तर रेषांमुळे फेस आवरत नाही. त्यावर व्हॅनिला. हा ग्लास पाहिला की आधी ‘नको’ म्हणालेली काकूही ‘माले बी दे’ म्हणते. केळी आपल्या जळगावची, भौगोलिक मानांकन मिळालेली, तरी ती इथे नकोत. गर सोड्यात मिसळत नाही, गोळा होऊन बसतो. त्यांना शिकरण बरी.

गोटी सोडा मिळाला तर जरूर आणा. मात्र तो थंडच हवा, आणि हे कुठल्याही सोड्याला लागू आहे. शून्य अंशाला पाण्यात जेवढा वायू मावतो, त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा ४० अंशाला मावतो. आपल्या स्वयंपाकघरातली मे महिन्यातली बाटली म्हणजे उघडताच सगळा वायू बाहेर आणि ग्लासात नुसतं गोड पाणी. आदल्या रात्रीच बाटल्या फ्रिजमध्ये आडव्या ठेवा.

आता आइस्क्रीम. डब्यावर ‘आइस्क्रीम’ लिहिलंय की ‘फ्रोझन डेझर्ट’, हे वाचा. पहिल्यात दुधाची स्निग्धता असते, दुसऱ्यात वनस्पती तेलाची. स्वस्त पडतं म्हणून पंधरा जणांना फ्रोझन डेझर्ट घेणं गैर नाही, तरंगतंही छान. पण सोड्यात विरघळल्यावर जिभेवर चिकट थर राहतो. मला तो खटकतो, म्हणून मी डबा लहान घेते पण दुधाचा घेते. ७०० मिलीच्या डब्यात दहा जणांना पुरतील एवढे गोळे निघतात. ७५० मिली सोड्यात तीन-चार ग्लास भरतात.

ओतायचं कसं, यावरही दोन पक्ष आहेत. तळाशी गोळा ठेवून वरून सोडा ओतला तर फेस भरपूर येतो, मुलं खूश होतात आणि ओटा पुसावा लागतो. ग्लास पाऊण भरून गोळा हळूच काठावरून सोडला तर फेस बेताचा येतो आणि बुडबुडे शेवटपर्यंत टिकतात. पंधरा ग्लास करायचे असतील तर दुसरीच रीत धरा. ग्लास मात्र ३०० मिलीचा, उंच हवा. पाण्याच्या पेल्यात हे जमत नाही.

कुल्फीचा विचार वेगळा करावा लागतो. आइस्क्रीममध्ये हवा घुसळलेली असते म्हणून ते तरंगतं. कुल्फी घट्ट, ती बुडते, फेसही कमी देते आणि सावकाश विरघळते. एरवी मी आइस्क्रीमच घेईन. पण सणाच्या दिवशी दुपारी वीज गेली आणि फ्रीजरमधला डबा पातळ झाला, तर तो पुन्हा गोठवून वापरू नका, बर्फाचे खडे होतात. गल्लीतून बर्फ-मिठाच्या माठातली कुल्फी घेऊन कुणी जात असेल तर त्याला हाक मारा, कुल्फीचे काप करा आणि गुलाबाच्या सोड्यात सोडा.