गालिच्याची झालर शिवलेली होती

इस्तंबूलला जायचं ठरवत असाल तर हे वाचून जा. २०२४च्या ऑक्टोबरात तिथे माझे १,१२,७४६ रुपये गेले. मी रावेर तालुक्यातला केळीवाला. त्या वर्षी मला क्विंटलला १,५०० भाव मिळाला होता. म्हणजे पंचाहत्तर क्विंटल माल मी एका दुपारी एका गालिच्याच्या दुकानात ओतून आलो.

मी भोळा माणूस नाही. माल तोलताना काट्याजवळून हलत नाही, आणि काटा मारणारा व्यापारी मला त्याच्या चालीवरून कळतो. म्हणून गावात कोणी "तू कसा काय फसना भाऊ?" विचारलं की जीव जळतो.

शुक्रवार होता. निळ्या मशिदीत शुक्रवारी दुपारची नमाज होईपर्यंत पर्यटकांना आत घेत नाहीत. लाखो रुपये घेणाऱ्या टूरवाल्याने हे सांगायला नको? आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. तेवढ्यात नीटनेटक्या कपड्यांतला एक जण आला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "अभी बंद है, ढाई बजे के बाद." खरंच बोलला तो. मग समोरच्या जुन्या रथशर्यतीच्या मैदानात घेऊन गेला. इजिप्तच्या तिसऱ्या थुटमोस राजाचा दगडी स्तंभ दाखवला, रोमन सम्राट थिओडोसियसने ३९० साली इथे उभा केलेला. शेजारी ग्रीसमधल्या डेल्फीहून आणलेला काशाचा पिळदार सर्पस्तंभ, त्यावरची सापांची तोंडं तुटलेली. घरी येऊन मी ताडून पाहिलं, एक शब्द खोटा नव्हता. मीही उत्साहाने सांगितलं की आमच्याकडे बऱ्हाणपूरला फारुकी सुलतानांची जामा मशीद आहे, तिच्यात संस्कृत शिलालेख आहे. "मग तुम्हाला जुन्या कामाची पारख असणारच," तो म्हणाला. पैसे देऊ केले तर छातीवर हात ठेवून नको म्हणाला. अडीचला वेळ आहे, भावाच्या दुकानात चहा घेऊ.

मशिदीबाहेर फुकट माहिती देणाऱ्याचं कमिशन दुकानात ठरलेलं असतं. तुम्ही चहाला हो म्हणालात की संपलं.

जिना उतरून तळघर. सफरचंदाचा गरम चहा, एकामागून एक गालिचे जमिनीवर फेकलेले. चार बाय सहा फुटांचा एक निळा, 'हेरेके' या तिथल्या गालिच्यांच्या नामांकित गावचं अस्सल रेशीम म्हणे, हातगाठीचा. ४,२०० युरोवरून १,१५० वर आला. आणि इथे तो क्षण, जो मला अजून झोपू देत नाही. सौ.ने कोपरा उलटून पाहिला. येवल्याला पैठणी घेताना ती नेहमी उलटी बाजू बघते. झालरीवरून बोट फिरवलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, ही झालर वरून शिवलेली लागतेय हाताला." हातमागाच्या गालिच्यात झालर म्हणजे ताण्याची, उभ्या धाग्यांचीच टोकं असतात, ती शिवावी लागत नाहीत. मी काय केलं? "गप बस गं, लोक बघतायत," म्हणालो. तिसरा चहा हातात होता, दोन माणसं तासभर माझ्यासाठी राबत होती. नाही म्हणायला लाज वाटली. एवढ्याच लाजेचे त्यांनी पैसे घेतले.

कार्डाच्या यंत्रावर रुपये की युरो असा पर्याय आला. त्याने परस्पर रुपये दाबले. युरो ९१च्या आसपास होता, तरी यंत्राच्या दराने मला आठ हजारांवर जास्त पडले. परदेशात यंत्र स्वतःच्या हातात घ्या आणि रुपये न निवडता भाव ज्या चलनात ठरला तेच चलन निवडा.

घरी आल्यावर सौ.ने एक धागा ओढून काडी लावली. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. हा कागदासारखा भुरकन जळला. पावतीवर फक्त 'हाली' लिहिलंय, त्याचा अर्थ गालिचा. रेशीम, हातगाठ, गाव, काहीच नाही. पावतीवर लिहून देत नसेल तर उठून या.

शंका मला त्याच संध्याकाळी आली होती, म्हणून तिथल्या चौकीत गेलो. पहिला प्रश्न, त्या माणसाचा फोटो आहे का? त्याने आमचे चौदा फोटो काढले होते, त्याचा एकही नाही. दुकानात जाऊन बोला म्हणाले. दुकानदार म्हणाला, घेतलेला माल परत नाही. टूरवाला म्हणतो, खरेदी पॅकेजमध्ये नव्हती. इथल्या ठाण्यात दीड तास बाकावर बसवून सांगितलं, गुन्हा आपल्या हद्दीतला नाही. बँकेला चार मेल केले, चारही उत्तरं एकसारखी: पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवला. तो म्हणे अनधिकृत व्यवहारालाच. मग खोटं बोलून पिन टाकायला लावणाऱ्याला काय म्हणायचं? माझ्या अर्जावर शिक्का मारायलासुद्धा एक जण तयार नव्हता. सगळ्यांनी मलाच विचारलं, तुम्ही बघून का नाही घेतलं?

तळघरातून वर आलो तेव्हा पावणेचार झाले होते आणि टूरची बस चारला सुटणार होती. मशिदीत जायला तिकीट नसतं, एक पैसा लागत नाही. सौ.ने त्यासाठी खास नवी ओढणी घेतली होती, ती आतल्या निळ्या फरशांबद्दल महिनाभर बोलत होती. तिने बाहेरूनच सहा मिनार मोजले आणि बसमध्ये येऊन बसली.