वस्तानचा तृणमणी की मोहगावची गारगोटी?

जीवाश्म, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवांचे टिकून राहिलेले अवशेष, बघायचे तर या दोघांपैकी कुठले? सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाईट खाणीत कोळशाच्या थरातून पिवळसर खडे सापडले आहेत. ‘खंबात शेल’ नावाच्या खडकथरातला हा तृणमणी (अंबर) म्हणजे साल-गर्जनच्या कुळातल्या झाडांची सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीची, घट्ट झालेली राळच. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे 150 किलो तृणमण्यातून 700 हून अधिक कीटक-कोळी सापडल्याची नोंद आहे. गंमत म्हणजे हा तृणमणी द्रावकात बराचसा विरघळतो, त्यामुळे किडा अख्खा बाहेर काढता येतो! बाल्टिकच्या तृणमण्याची ही सोय नाही.

मध्य प्रदेशात छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानचं वेगळंच. दख्खनच्या दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळ्यात साचलेला गाळ तिथे सिलिकाने, म्हणजे गारगोटीच्याच द्रव्याने, दगड झाला. वय साधारण 6.6 कोटी वर्षं. नांगराच्या फाळाला लागणारे हे धोंडे बाहेरून अगदी कळाहीन. कापून घासले की आत फळाच्या बियांची एकेक पेशी दिसते. वनस्पती-जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनींनी इथलंच ‘एनिग्मोकार्पॉन’ फळ अभ्यासलं. नागपूरजवळच्या टाकळीचे असेच थर मिशनरी स्टीफन हिस्लॉपनी 19 व्या शतकातच धुंडाळले होते.

डास-माश्यांचे पंख, केस बघायचे तर वस्तान. तळ्यातली पाणवनस्पती, फळं, मुळं हवीत तर मोहगाव, आणि माझं मत तिकडेच झुकतं. राळेत झाडाचं खोड सापडत नाही, मिळाली तर एखादी पाकळी किंवा परागकण. शिवाय खाणीत परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही.