इन्कोनेल ७१८ : सर्टिफिकेट खरं, बार कच्चे

एजिंग केलेले, म्हणजे भट्टीत तासन्‌तास ठेवून कडक केलेले बार म्हणून इन्कोनेल ७१८ या निकेल मिश्रधातूचा लॉट घेतला. हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक) पंच केलेला, टेस्ट सर्टिफिकेट सोबत, एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारं यंत्र) निकेल, क्रोमियम, नायोबियम सगळं मर्यादेत. त्यातून स्टड (आटे पाडलेले, डोकं नसलेले बोल्ट) तयार झाले. बसवताना मात्र नट फिरत राहिला आणि टॉर्क वाढेना. स्टड ताणून लांब होत होते. हार्डनेस (कठीणपणा) घेतली तर रॉकवेल सी मापावर २० सुद्धा येईना. एजिंग झालेल्या ७१८ ला ३६ च्या आसपास किंवा वर यायला हवी. म्हणजे माल नुसता सॉल्यूशन अ‍ॅनिलिंगपर्यंतचा (तापवून थंड केलेला, मऊ) होता, एजिंग न झालेला कच्चा.

७१८ ची ताकद एजिंगमध्ये येते. साधारण ७२० अंश सेल्सिअसला आठ तास, मग भट्टीतच सावकाश ६२० पर्यंत उतरवून तिथे थांबवायचं, एकूण अठरा तास. एवढ्या वेळात निकेल-नायोबियम संयुगाचे अतिसूक्ष्म कण धातूत तयार होतात आणि यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा लांबायला लागतो तो) १०३४ एमपीएच्या वर जाते. कच्च्या बारची यील्ड याच्या निम्म्याच्या आसपास. रसायन दोन्हींचं एकच, घनताही ८.१९ च्या जवळपास, त्यामुळे एक्सआरएफला किंवा वजनकाट्याला फरक कळणं शक्यच नाही.

सर्टिफिकेटची लबाडी नवी नाही. २००९ आणि २०११ मध्ये टॉरस एक्सएल रॉकेटचं टोकाचं आवरण सुटलं नाही म्हणून नासाचे दोन उपग्रह गेले; पुढे तपासात अ‍ॅल्युमिनियम भागांच्या टेस्टचे आकडे बदललेले निघाले. आमच्याकडची चलाखी त्याहून सफाईदार. सर्टिफिकेट अस्सल होतं! एकाच हीटमधले काही बार मिल एजिंग करून विकते, काही कच्चे. व्यापाऱ्याने कच्चे बार स्वस्तात उचलले आणि त्याच हीटच्या एजिंग केलेल्या लॉटचा कागद जोडला. मिलला हीट नंबर विचारला असता तरी उत्तर ‘हो, आमचाच’ असंच आलं असतं.

म्हणून हीट नंबरवर थांबू नका. हीट ट्रीटमेंटचा लॉट नंबर आणि भट्टीचा चार्ट (तापमान आणि वेळेची नोंद) मागा, आणि तो लॉट नंबर बारवर आहे का ते पाहा. ऑर्डरमध्ये नुसतं ‘७१८’ किंवा ‘एन०७७१८’ (याच मिश्रधातूचा यूएनएस क्रमांक) लिहिलंत तर व्यापारी कायद्याने सुटतो, कारण त्यातून फक्त रसायन ठरतं. एएमएस या विमान उद्योगाच्या मानकांत ५६६२ म्हणजे कच्चा, ५६६३ म्हणजे एजिंग केलेला. हा नंबर लिहा आणि अवस्थाही शब्दांत लिहा.

माल उतरला की प्रत्येक बारची दोन्ही टोकं ग्राइंड करून हार्डनेस घ्या. बंडलच्या वरचे दोन-तीन बार चांगले ठेवायची पद्धत जुनी आहे, तेव्हा टेन्साइल टेस्टचा (ओढून ताकद तपासण्याचा) कटपीस आपण निवडलेल्या बारमधूनच कापा. व्यापाऱ्याने आणून दिलेला तुकडा घेऊ नका. लेथवर टूल नेहमीपेक्षा जास्त टिकायला लागलं तर माल मऊ असू शकतो; खूश न होता मशीन थांबवा.

‘एजिंग आता करून देतो’ असं उत्तर हमखास मिळतं. बार अजून कापलेले नसतील तर ते चालेल, चार्ट आणि नवी टेन्साइल टेस्ट घेऊन. फिनिश केलेल्या स्टडवर नाही: एजिंगमध्ये ७१८ साधारण ०.०८ टक्के आक्रसतं, म्हणजे १०० मिमीला ०.०८ मिमी, आणि लांब थ्रेडचा पिच (आट्यांमधलं अंतर) तेवढ्यानेही हुकतो.